स्वस्त गिटारची सातवी पट्टी

सदर कर्मचारी: स्त्री. वय: त्रेपन्न पूर्ण. हुद्दा: वरिष्ठ तंत्रज्ञ, कृत्रिम दंत विभाग. सेवा: अठ्ठावीस वर्षे, खंड नाही. इजा: डावे मनगट, कामाच्या जागी, जिन्यावर. सद्यःस्थिती: अनामिका व करंगळी यांची हालचाल अपुरी. क्रीडा, कला अथवा अन्य छंद: निरंक. अपंगत्व: तात्पुरते / कायमचे (नको ते खोडावे).

डॉक्टरांनी दोन्हींपैकी काहीच खोडलं नव्हतं.

कृत्रिम दंत विभाग म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा, एक स्टूल आणि एक खण. तिथे बसून निळूताई कवळ्या बनवत. निळूताई हे त्यांचं नाव नव्हे. कवळी तोंडात बसते की नाही हे बघायला वरच्या आणि खालच्या दातांमध्ये एक पातळ निळा कागद धरतात. दात आपटले की जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो, आणि तेवढा ठिपका घासून टाकायचा. अठ्ठावीस वर्षं तो कागद हाताळून त्यांच्या बोटांची टोकं कायमची निळसर झाली होती. नाव तिथून पडलं. खरं नाव पगाराच्या पावतीवर असे, आणि ते वाचून त्यांना स्वतःलाच क्षणभर कोण ही बाई असं वाटे.

जिन्यावर पडल्या त्यातही दोष कुणाचा काढायची सोय नव्हती. पायऱ्यांवर सांडलेलं साच्यांचं ओलं प्लास्टर लगेच पुसत जा, हे त्या लॅबमधल्या प्रत्येकाला येता-जाता ऐकवत. त्या दिवशी सांडलं होतं ते त्यांच्याच हातून, आणि पुसायला फडकं आणण्यासाठीच त्या घाईने खाली निघाल्या होत्या. मग तोच पदार्थ सहा आठवडे त्यांच्या मनगटावर बसला. इस्पितळात प्लास्टर घालणाऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं की तुमच्या मिश्रणात हवेचे बुडबुडे राहिलेत, पाण्यात पावडर टाकायची असते, पावडरवर पाणी नाही. त्याने ऐकून घेतलं. दुसरा हात मोडेपर्यंत सुधारणा करतो म्हणाला.

प्लास्टर निघालं तेव्हा हात होता, पण त्यातली दोन बोटं हातात नव्हती. म्हणजे दिसायला होती. वाकायला सांगितलं की मात्र विचार करून कळवतो असं म्हणणाऱ्या कचेरीसारखी वागत.

बाहेरच्या माणसाला वाटेल, डावा तर हात, आणि त्यातलीही शेवटची दोन बोटं. त्यांचा एवढा काय बाऊ. पण कवळी बनवताना उजवा हात फक्त दात मेणात बसवतो. साचा धरायचा, केसभर फिरवायचा, थांबवायचा, पुन्हा फिरवायचा, हे सगळं डाव्या हाताचं काम, आणि साचा तळाशी पेलतात ती नेमकी हीच दोन बोटं. मालकांना हे माहीत होतं. ते भेटायला आले, सफरचंदं आणली, आणि म्हणाले, "ताई, जागा तुमचीच आहे." थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले. पहिल्यांदा ऐकून निळूताईंना धीर आला होता, दुसऱ्यांदा ऐकून गेला. जाता जाता ते बोललेच, की तीन महिने वाट बघू, आणि नाहीच जमलं तर पार्सलचं टेबल आहेच. तिथे बसून डब्यांवर दवाखान्यांचे पत्ते लिहायचे असतात. माणूस भला होता, म्हणून तर भीती खरी वाटली.

घरी त्या आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई. नवरा गेल्याला चौदा वर्षं झाली. त्यानंतर दोघी एकत्र राहिल्या, कारण वेगळं व्हायचा विषय दोघींपैकी कुणीच काढला नाही. निळूताई त्यांना वन्सं म्हणत. वन्संनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडून दिले होते, आणि निवृत्तीच्या दिवशी जाहीर केलं होतं की आता या घरात आवाज करण्याचा हक्क दोघांनाच, मला आणि कुकरला. रेडिओ त्यांनी शेजारणीला देऊन टाकला. घंटीच्या जागी दाराला एक दोरी होती.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निळूताईंना एक पिवळा रबरी चेंडू दिला. तो दाबत राहायचं. त्यांनी महिनाभर दाबला. तीन बोटं सगळं काम करत आणि उरलेली दोन पाहुण्यांसारखी नुसती बसून असत. तीन महिन्यांतला एक असा गेला. व्यायामाच्या बाईंच्या ते ध्यानात आलं. म्हणाल्या, एकेका बोटाला एकेकटं काम पडेल असं काहीतरी करा, विणकाम, टायपिंग, एखादं वाद्य. विणकाम निळूताईंना शाळेतही आलं नव्हतं, आणि टायपिंगचा खडखडाट वन्संना चालणार नव्हता. वाद्याचं नाव घरात काढायलाही त्या धजल्या नाहीत.

व्यायामाच्या बाईंच्या इमारतीत तळमजल्यावर वाद्यांचं दुकान होतं. एका सकाळी वरचं दार उघडायला उशीर होता, म्हणून त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. आत एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली होती आणि तिच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: ‘शिकण्यापुरती’. किंमत एका बऱ्यापैकी बुटांच्या जोडीइतकी. निळूताई आत गेल्या ते केवळ पाटीमुळे. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकाही कवळीवर ‘खाण्यापुरती’ असं लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

दुकानदार जाड भिंगांच्या चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस होता. त्याने गिटार काढून हातात दिली आणि एक गोष्ट सांगितली जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं. इलेक्ट्रिक गिटार स्पीकरला जोडली नाही तर जवळजवळ मुकी असते, आणि तिच्या तारा साध्या गिटारपेक्षा बारीक, दाबायला हलक्या. निळूताईंनी करंगळी तारेवर ठेवली आणि दाबली. करंगळी वाकली. थोडीच, पण एकटी.

मग त्यांनी विचारलं, "ही घेण्यासारखी आहे का?"

"कोणासाठी?"

"दोन बोटांसाठी."

दुकानदाराला असा प्रश्न कुणी केला नसावा. त्याने गिटार परत घेतली, उलटसुलट केली, आणि विकणाऱ्याने सांगू नयेत अशा गोष्टी सांगायला लागला. लाकूड कसलं ते कारखान्याने सांगितलेलं नाही आणि आपणही विचारलेलं नाही. तारा ताणायच्या खुंट्या सैल आहेत, रोज सूर उतरेल. मानेवर, म्हणजे या लांब दांड्यावर, या धातूच्या आडव्या बावीस पट्ट्या, यांना फ्रेट म्हणतात, त्या कुणीतरी सुट्टीची घंटा व्हायच्या बेतात असताना ठोकलेल्या आहेत. "मान मात्र सरळ आहे," तो म्हणाला. "मान वाकडी असती तर फुकटही देऊ नका म्हणालो असतो. बाकीचं सुधारता येतं."

स्वतःच्या धंद्यातही निळूताई हेच सांगत. स्वस्त कवळी वाईट नसते, न बसणारी वाईट असते. दात साधे असले तरी चालतात, पण साचाच वाकडा आला तर सोन्याचे दात लावूनही माणूस पेजच पिणार. त्यांनी एक डोळा मिटून मानेच्या टोकाकडून बघितलं. सरळ होती. अंगठा कडेवरून फिरवला, पट्ट्यांची टोकं बोचली.

"हे हिरडी कापेल," त्या म्हणाल्या.

"गिटारला हिरड्या नसतात, बाई."

"कुणाला तरी टोचणारच ना."

दुकानदाराने प्रत्येक पट्टीवर तार दाबून छेडून दाखवली. सहाव्या पट्टीवर आली तशी ती खरखरली, कवळीत अडकलेल्या शिळ्या भाकरीसारखी. निळूताईंनी पर्समधून निळा कागद काढला. तो त्यांच्याकडे असतोच. तारेखाली सरकवला, बोट दाबलं, कागद काढला. सहाव्या पट्टीवर ठसठशीत निळी खूण, सातवीवर अगदी पुसट. त्यांना हसू आलं. हे तर रोजचंच. जिथे गडद खूण तिथे उंचवटा, जिथे दुखतं तिथे घासायचं, दहा मिनिटांचं काम. दुकानदार काही बोलायला तोंड उघडत होता, पण ज्यांना अठ्ठावीस वर्षांचा अनुभव असतो त्यांना दुसऱ्याचं उघडं तोंड दिसलं की आत फक्त दात दिसतात. त्यांनी गिटार घेतली. पटली नाही तर दहा दिवसांत जशीच्या तशी परत आणा, असं तो म्हणाला.

वन्संनी खोकं बघितलं, गिटार बघितली, भावजयीकडे बघितलं. "आता कुठे नाव काढणार आहेस?" एवढंच विचारलं. निळूताईंनी कारण सांगितलं. वन्सं म्हणाल्या, वाजव, पण मला ऐकू येता कामा नये. मग आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

निळूताईंनी वाजवण्याआधी ती दुरुस्त करायला घेतली, कारण खरखरणाऱ्या वस्तूवर बोट ठेवणं त्यांच्याने होईना. घरच्या खणात त्यांची छोटी घासायची मोटर होती. सहाव्या पट्टीला त्यांनी अलगद टेकवली, पुसली, चकाकी आणली. काम देखणं झालं. मग तार दाबली. खरखर गेली नव्हती, उलट वाढली होती. अजून थोडं घासलं.

बंद दाराआडून आवाज आला, "अगं, तुझे दोन आवाज एकाच नंबरला लागतायत. मघाशी वेगळे होते."

निळूताईंनी सहावीवर दाबून पाहिलं, सातवीवर दाबून पाहिलं. खरंच एकच सूर. क्रॉस कनेक्शन.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या त्या एखादी पेशंट डॉक्टरकडे घरगुती उपाय करून जाते तशा. दुकानदाराने पोलादाची छोटी पट्टी फ्रेटांवर आडवी ठेवली, ती सातवीवर सीसॉसारखी डुलली. मग त्याने सावकाशपणे सांगितलं. तार सहावीवर दाबली की ती सहावीवर टेकणारच, तिथली खूण गडद येणारच, तिथे तर बोटाचा जोर असतो. खरखर होते ती पुढच्या पट्टीला तार चाटून जाते म्हणून. पुसट खूण असते तीच खरी. "ओरडत होती सहावी, पण चिमटा काढत होती सातवी," तो म्हणाला. "तुम्ही ओरडणारीलाच मारलंत."

तोंडात असं कधीच होत नाही. तोंडात ज्याला दुखतं तोच सांगतो आणि तिथेच दोष असतो. निळूताईंना आयुष्यात पहिल्यांदा शिकाऊ झाल्यासारखं वाटलं, आणि त्या वयात ते फारसं सुखाचं नसतं.

आता सहावी इतकी खाली गेली होती की उरलेल्या एकवीस पट्ट्यांना तिच्या पातळीला उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हे काम दुकानात केलं तर मजुरी गिटारपेक्षा जास्त पडली असती. परत घ्या म्हणायची सोय निळूताईंनी स्वतःच घासून टाकली होती. मनगट दुखत होतं, मुदतीतला दीडच महिना उरला होता, आणि बुटांच्या किमतीत त्यांनी एक लाल लाकूड विकत घेतलं होतं.

दुकानदाराने ड्रॉवर उघडला. आतून पॉलिशपेपर चिकटवलेला एक लांब सपाट ठोकळा आणि एक अर्धगोल खोबणीची छोटी कानस काढली. ती कुणाला देत नाही, असं सांगत सांगत तिला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "पट्ट्यांचे माथे शाईने रंगवा, वर ठोकळा फिरवा, शाई सगळ्यांवरून सारखी गेली की थांबा. मग एकेकीला गोल करा. दातांचं काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार." भाडं वगैरे तो काही बोलला नाही. गिऱ्हाईक दारात आलं होतं, तो तिकडे वळला.

काम अकरा दिवस चाललं. सकाळी कुकर उतरला की निळूताई खिडकीजवळ बसत, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गिटारची मान. सपाट करणं दोन दिवसांत आटपलं. खरं काम पुढे होतं. बावीस पट्ट्या, प्रत्येकीचा माथा कानशीने गोल करायचा, तोही जागच्या जागी. उजव्या हातात कानस, आणि डाव्याने मान पेलायची, किंचित कलती करायची, थांबवायची, पुन्हा कलती करायची. पहिल्या दिवशी मान तीनदा निसटली. त्यांनी खाली उशी ठेवली. चौथ्या दिवशी उशी नको वाटली, टेकूमुळे कोन चुकत होता. त्यांनी ती काढली आणि पुढच्या पट्टीला लागल्या. चेंडू कपाटाखाली कधी गेला ते कुणी पाहिलं नाही.

तपासणीचं काम वन्संकडे कसं गेलं हेही नीटसं सांगता येत नाही. सहा तारा, बावीस पट्ट्या, म्हणजे एकशे बत्तीस जागा. निळूताईंच्या कानाला त्यातल्या निम्म्या सारख्याच वाटत. त्या एकेक जागा दाबून छेडत, आणि बंद दाराआडून निकाल येई. "तिसरी तार, नऊ. साफ." "दहा. साफ." "अकरा, लाईनवर खरखर आहे." मुक्या गिटारचा तो सुईएवढा आवाज दोन भिंतींपलीकडे ऐकणारा कान एकतीस वर्षं सरकारने कशासाठी वापरला, या विचाराने निळूताईंना वाईट वाटे. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, वन्सं, दार उघडं तरी ठेवा. उत्तर आलं की दार बंदच असू दे, मी वाचत बसले आहे, मला ऐकू येत नाही. बारा, साफ.

नवव्या दिवशी वन्सं चहा घेऊन बाहेर आल्या. निळूताईंचं डोकं खाली, उजव्या हातात कानस. वन्संनी कप पुढे केला आणि त्यांनी तो डाव्या हाताने घेतला. कपाच्या कानात बोट अडकवून नव्हे. तळाशी करंगळी, तिच्याशेजारी अनामिका, जसा साचा धरतात तसा. एक घोट घेतल्यावर त्या थांबल्या. दोघी त्या कपाकडे बघत राहिल्या.

"सांडू नकोस," वन्सं म्हणाल्या, आणि पटकन आत गेल्या. दार मात्र लावायचं विसरल्या.

त्या दुपारी निळूताईंना त्या अनोळखी कामगाराची आठवण आली, ज्याने कुठल्याशा कारखान्यात सुट्टीच्या घाईने ही सातवी पट्टी उंच ठोकली होती. लॅबमध्ये असं काम कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता. आता मात्र त्यांना वाटलं, बरं झालं बाबा, तुला घरी जायची घाई होती. गिटार चांगली असती तर त्यांनी ती चार दिवस छेडली असती, कंटाळल्या असत्या आणि खोक्यात घालून ठेवली असती. व्यायाम म्हटलं की त्या बोटांना झोप येत होती. काम म्हटल्यावर मात्र ती उठून आली, कारण जन्मभर त्यांना तेवढंच ठाऊक होतं. त्यांनी त्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानले, आणि त्याच्या पुढच्या पट्ट्या तरी सरळ बसोत असंही वाटून गेलं, कारण सवय जात नाही.

मुदत संपायच्या आठवडाभर आधी त्या लॅबमध्ये गेल्या. जिन्यावरचं प्लास्टर कुणीतरी पुसलेलं होतं. मालकांनी वरच्या कवळीचा एक साचा पुढे ठेवला, म्हणाले घाई नाही, नुसतं बघा, आणि स्वतः खिडकीत उभे राहून रस्त्यावरच्या गाड्यांबद्दल काहीतरी बोलू लागले. निळूताईंनी साचा डाव्या हातात घेतला. मेण गरम केलं. पुढचे दोन दात, बाजूचे दोन, मग सुळे. साचा केसभर फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मालकांचं गाड्यांबद्दलचं बोलणं हळूहळू बंद झालं. चौदावा दात बसला तेव्हा त्यांनी कवळी उचलून उजेडात धरली, बराच वेळ.

"पार्सलच्या टेबलाला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार," ते म्हणाले, आणि कवळी घेऊन आत गेले.

ठोकळा आणि कानस परत करायला त्या संध्याकाळीच दुकानात गेल्या. कानस स्वच्छ करून, तेलाचा हात देऊन, नव्या कापडात गुंडाळलेली. आभाराचं काय बोलायचं ते त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण दुकानात शिरल्यावर त्यातलं एकही वाक्य त्यांना आपलं वाटेना. त्यांनी नुसता डावा हात पुढे केला आणि बोटं एकेक करून मिटून दाखवली. दुकानदाराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि परत दाखवा म्हणाला. त्यांनी परत दाखवलं.

मग त्याने विचारलं की आता कुणी या गिटारबद्दल विचारलं तर काय सांगू, घेण्यासारखी आहे का. निळूताईंनी प्रश्न नीट मनावर घेतला. मान सरळ असेल तर घ्या म्हणावं, त्या म्हणाल्या, आणि जी पट्टी ओरडते तिच्या पुढची बघा म्हणावं. दुकानदाराने ते पाटीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं.

व्यायामाच्या बाईंनी शेवटचा अहवाल पाठवला, तो लॅबच्या फाइलमध्ये लावलेला आहे. रुग्णाने तंतुवाद्याच्या नियमित व शिस्तबद्ध वादनाद्वारे दोन्ही बोटांची पूर्ण हालचाल परत मिळवली असून, उपचाराची ही पद्धत इतर रुग्णांनाही सुचवण्यात येत आहे. कामावर रुजू होण्यास योग्य. छंद: गिटारवादन.

निळूताईंना गिटार वाजवता येत नाही.